बारा अळकुड्या

आमच्या तोयोसे गावात अजूनही लोक म्हणतात, की काताओकांच्या फुसाएनं त्या वर्षी देवाची अब्रू घालवली. मला संताप येतो. तीस वर्षं झाली, मी आता तेव्हाच्या फुसाएबाईंच्या वयाची झाले, गुडघे गेले, दात गेले, पण हा संताप काही जात नाही. देवाची अब्रू कुणी घालवली ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांतल्या एकाशी माझं लग्न झालंय.

फुसाएबाई माझ्या सासूबाई. अठराव्या वर्षी या घरात नांदायला आल्या आणि तेव्हापासून नदीकाठच्या वाफ्यात देवाचं अळू लावत राहिल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या चार दिवसांत आमच्या देवाची पालखी निघते. तिला सोन्याचा पत्रा नाही की चंदेरी कळस नाही. छप्पर सगळं अळूच्या देठांचं. लाल आणि पांढरट हिरवे देठ एकाला एक चिकटून बसवलेले, कोपऱ्यांना वांगी, मिरच्या, भाताच्या लोंब्या. जमिनीतून उगवलं नाही ते पालखीला लागायचं नाही, हा नियम. रंग नाही, खिळा नाही, तार नाही, खुंट्यासुद्धा बांबूच्या. उन्हाळाभर जे पिकलं ते देवाला डोक्यावर घेऊन दाखवायचं, एवढीच काय ती पूजा.

आता अळू कुणीही लावेल हो. गटाराच्या कडेलासुद्धा ते येतं. पण पुरुषभर उंच, काठीसारखा सरळ, डाग नसलेला देठ आणायचा म्हणजे बाईचा पिट्ट्या पडतो. जूनपासून रोज पाणी, रोपाभोवती पेंढ्याची गुंडाळी, बाहेरचा देठ वाकला की काढायचा, आतल्याला वाट द्यायची. असे एकशेऐंशी देठ लागतात. अळूच्या चिकानं सासूबाईंचे हात कायमचे काळे पडले होते. लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली, की त्या हात बाहीत घ्यायच्या.

गोड बोलणं त्यांच्या तोंडाला माहीत नव्हतं. मी लग्न ठरवायला आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी म्हटलं, "हात बघू." मी हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट केले, वांगी निवडावीत तसे, आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तेत्सु, बरी आहे. पोस्टातली असली तरी बोटं जाड आहेत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे वीस वर्षं त्यांच्याबरोबर वाफ्यात वाकले तेव्हा कळलं, की त्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

वाफ्याच्या वरच्या टोकाला बारा रोपं वेगळी असायची. ती बेण्याची. त्यांना थंडीतलं पहिलं दहिवर पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मग खणायचं, अळकुड्या म्हणजे खालचे कंद पेंढ्यात गुंडाळायचे आणि स्वयंपाकघरातल्या फळीखालच्या खड्ड्यात हिवाळाभर ठेवायचे. वसंतात त्यांतूनच पुढचं सगळं पीक. बाकीच्या रोपांचे देठ सप्टेंबरअखेर कापावे लागतात, त्यांच्या अळकुड्या कच्च्या राहतात, थंडीत सडतात. म्हणून ही बारा. मी एकदा सहज म्हटलं, "आई, पंधरा ठेवू या का, एखादं मेलं तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो आकडा काढला नाही.

गावजेवणात दरवर्षी एक भाषण व्हायचं. युद्धात सगळं गेलं, देवाचा उत्सव बंद पडला, माणसं गवत उकडून खात होती, पण काताओकांच्या घरानं देवाचं बेणं राखलं, त्या घराला नमस्कार. सगळे वाकायचे. आणि नेमक्या त्या वेळी सासूबाई चहाची किटली भरायला उठायच्या. मी समजायचे, बाई संकोची आहेत. किती मूर्ख होते मी. किटली दरवेळी भरलेलीच असायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या घरी सायोचं पन्नासावं श्राद्ध झालं. सायो म्हणजे सासूबाईंची पहिली मुलगी. युद्धाच्या शेवटच्या वसंतात चार वर्षांची होऊन गेली. उपासमार आणि हगवण, एवढंच मला ठाऊक होतं. तेव्हा सासरे चीनमध्ये लढाईवर होते. माझा नवरा तेत्सुरो युद्धानंतर जन्मला, त्यानं तर बहिणीला पाहिलंही नाही. पन्नासाव्यानंतर मेलेल्या माणसाचं वेगळं श्राद्ध करत नाहीत, तो पूर्वजांत जमा होतो. भटजींनी तसं सांगितलं. ते गेल्यावर सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षांच्या पोरीला पूर्वज म्हणायचं म्हणे. अजून तिला नीट चपला बांधता येत नव्हत्या." मी काही बोलले नाही. मला त्या काळात काही न बोलायची वाईट सवय होती, ती पुढे येईलच.

मग उन्हाळा आला आणि पाऊस आला नाही. जुलै कोरडा, ऑगस्ट कोरडा. नदीत पाय ठेवला तर घोट्याच्या वर ओल नाही. अळूला पाणी नाही म्हणजे माशाला पाणी नाही. त्र्याहत्तर वर्षांची बाई पहाटे आणि संध्याकाळी कावड घेऊन नदीत उतरायची, वाळूत खड्डा करायची, साचेल ते पाणी ओंजळीनं बादलीत भरायची. मी पोस्टातून आले की दुसरी कावड घ्यायचे. तेत्सुरोला म्हटलं, "अहो, रविवारचा तरी हात लावा." तर हे म्हणाले, "मित्सुयो, मी पण उत्सवाचंच काम करतोय."

त्यांचं काम काय, तर पत्रकं. हे गावच्या कचेरीत होते आणि पर्यटन मंडळाचे चिटणीस. मंडळाचे अध्यक्ष निशिवाकी, साकेच्या दुकानाचे मालक. गुळगुळीत माणूस. दोघांनी मिळून बेत काढला होता. पालखी पहिल्या तारखेला देवळातून निघून वेशीजवळच्या मांडवात मुक्कामाला येते, तीन दिवस तिथेच असते आणि चौथ्या दिवशी गावभर फिरून परत जाते. तर त्या तीन संध्याकाळी सहा ते नऊ मांडवात दिवे लावायचे, लाल देठ झगझगीत दिसतील, शहरातून लोक येतील, फोटोवाले येतील. नाव ठेवलं, तोयोसेची शरद संध्या.

ती बैठक आमच्याच घरी झाली. सासूबाई वाफ्यात होत्या, त्यांना कुणी बोलावलं नाही. छप्पर बांधणारे हाचिरोदादा मात्र आले होते. ते सासूबाईंच्या वयाचे, कानानं जरा कमी, तोंडानं पुरेपूर.

निशिवाकी म्हणाले, "नाहीतरी दादा, अंधार पडल्यावर मांडवातली पालखी कुणाला दिसते?"

"देवाला दिसते," हाचिरोदादा म्हणाले.

"ते झालंच हो. पण गावात पोरं राहिली नाहीत, पालखीला खांदे मिळत नाहीत. लोक आले तर गाव जगेल."

"दिवे कसले? कागदी कंदील का?"

"छे, कंदिलात काय दिसणार. रस्त्याच्या कामावर लावतात ना रात्री, ते हॅलोजन. चार मिळालेत."

मी चहा ओतत होते. ते दिवे मला माहीत होते. आमच्या पोस्टासमोर रस्ता खणला होता तेव्हा त्या दिव्याखाली कामगार बाटलीतला चहा गरम करायचे. हे मला तिथे बोलता आलं असतं. चार शब्द. नवऱ्याचा बेत होता, पाहुण्यांसमोर कशाला, म्हणून मी चहा ओतला आणि आत गेले. माझ्या रागातला थोडा वाटा माझाही आहे, तो मी कुणावर ढकलत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी पहाटे आम्ही देठ कापले. त्या उन्हाळ्यातून सासूबाईंनी एकशे एक्याण्णव देठ काढले होते. पालखीला एकशेऐंशी, वर अकरा. त्या एकेक देठ ओल्या फडक्यानं पुसत होत्या आणि बारीक आवाजात मोजत होत्या. हाचिरोदादांनी दिवसभरात छप्पर चढवलं, मागे सरून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, पाऊस पडला त्या सालीसुद्धा असे नव्हते आले." सासूबाई म्हणाल्या, "चौथ्या दिवशी बोला. आज तर भाजीवाल्याकडची जुडीसुद्धा ताजी दिसते."

चौथा दिवस हाच सगळ्याचा कस. पालखी फिरते तेव्हा छप्पर टवटवीत पाहिजे. जिने अळू लावलं तिच्या दारात पालखी थांबते, ती बाई पळीनं छपरावर शेवटचं पाणी शिंपडते आणि मग देव वर्षभरासाठी घरी जातो. थंड सावलीत ओल्या पोत्याखाली झाकले तर देठ चार दिवस आरामात टिकतात. शेकडो वर्षं टिकत आलेत. पण संध्याकाळी दिवे, म्हणून पोती काढलेली.

पहिल्या संध्याकाळी गर्दी झाली, मी खोटं सांगणार नाही. देखणं दिसत होतं. लाल देठ आतून पेटल्यासारखे वाटत होते आणि बाया "अगंबाई" म्हणत होत्या. माझ्या नवऱ्याची छाती फुगली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हाचिरोदादांनी दक्षिणेकडच्या बाजूवर हात फिरवला आणि सरळ आमच्या घरी आले. "वहिनी, बोट रुततंय." वरचे अकरा देठ होते ते तिथे लावले. शिलकीत काही उरलं नाही.

सासूबाईंनी त्या दिवशी कंबर कसून भांडण केलं असतं, तर मला नवल वाटलं नसतं. पण त्या अंगावर चांगला किमोनो घालून निशिवाकींच्या दुकानात गेल्या, मी बरोबर होते, आणि त्यांनी कमरेत वाकून विनंती केली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुणापुढे वाकलेलं बघितलं.

"दिवे बंद ठेवा. लोकांना दिवसा दाखवा, कितीही वेळ दाखवा."

निशिवाकींनी पण वाकून उत्तर दिलं, वाकण्यात तो माणूस कधी कमी पडायचा नाही. "काकू, पत्रकं छापून गेलीत. उद्या टीव्हीवाले येतायत. दिवे हातभर मागे सरकवतो. आणि पाण्याचा फवारा मारू की."

"दिवा लावून फवारा? त्याला आमच्यात वाफवणं म्हणतात."

"काकूंची आपली गंमत," म्हणून निशिवाकी हसले. त्यांनी आम्हाला जाताना साकेची बाटली दिली. ती सासूबाईंनी वाटेत मला दिली आणि मी ती मुद्दाम बसथांब्यावर विसरले.

त्या संध्याकाळी सहाला दिवे लागले आणि सासूबाई घरात नव्हत्या. मी धावत मांडवात गेले. बघते तर दक्षिणेच्या दिव्यांपुढे बाई छत्री उघडून उभी. वारलेल्या सासऱ्यांची काळी, मोठी छत्री, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेली, म्हणजे तिची सावली छपरावर पडावी. पाठीवर दिव्याची धग, मानेवरून घाम, आणि समोर तीस चाळीस फोटोवाले.

"आजी, जरा बाजूला."

"फोटो खराब होतोय हो आजी."

"कुणाच्या घरची आहे ही? घेऊन जा ना कुणीतरी."

मी पुढे होणार, तेवढ्यात माझा नवरा आला. मंडळाचा बिल्ला लावलेला. त्यानं, हो त्यानं, आता मी अहोजाहो करणार नाही, त्यानं आपल्या आईच्या हातातली छत्री काढून घेतली, मिटली, तिच्या दंडाला धरलं आणि लोकांना म्हणाला, "माफ करा, वय झालंय." वय झालंय म्हणे. उन्हाळाभर जी बाई कावड वाहत होती तिचं, आणि हा पत्रकांच्या घड्या घालत होता. घरापर्यंत त्यानं दंड सोडला नाही आणि सासूबाईंनी तो सोडवून घेतला नाही. दारात आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तेत्सु, तू लहानपणी कधी उपाशी झोपलास का?"

"नाही. का?"

"काही नाही. बरं झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिसऱ्या संध्याकाळी टीव्हीवाले आले आणि त्यांनी स्वतःचे आणखी दोन दिवे आणले. वरून फवारा चालूच. आम्ही दोघी गेलो नाही. घरी मिसोचं सार आणि भात खाल्ला. वेशीकडचं आभाळ पांढरं झालेलं आमच्या अंगणातून दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दक्षिणेच्या बाजूचं पार फदफदं झालं होतं. देठ मऊ पडून मधोमध लवले होते, कडा काळ्या, एका कोपऱ्याचं वांगं गळून खाली पडलेलं. दुपारी पालखी उचलायची होती. साडेसातला आमच्या दारात तिघं उभे. निशिवाकी, हाचिरोदादा आणि त्यांच्या मागे माझा नवरा, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा.

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. निशिवाकींनी जमिनीला कपाळ टेकलं.

"काकू, चूक झाली. पण आता गावाची लाज राखा. बेण्याची बारा रोपं आहेत ना उभी? तेवढे देठ मिळाले तर समोरची बाजू झाकता येईल."

सासूबाई शेंगा सोलतच होत्या. हाचिरोदादा म्हणाले, "मी यांना सांगितलंय वहिनी. यंदा आधीच कंद सुपारीएवढे असतील. आत्ता कापलं तर भरायचे नाहीत, थंडीत सडतील. बेणं संपलं."

"बेणं कुठूनही आणता येईल हो," निशिवाकी म्हणाले. "शिकोकूला मिळतं, मी स्वतः मागवून देतो. अळू ते अळू."

"आई," माझा नवरा म्हणाला, "एकदाच. यंदाच्या पुरतं. देवासाठी."

तेव्हा त्यांनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली. मला वाटलं आता कडाडतील. तर आवाज अगदी साधा, मला बाजारातून काय आणायचं ते सांगताना असायचा तसा.

"सायो मागत होती," त्या म्हणाल्या.

कुणाला काही समजलं नाही.

"लढाईच्या शेवटच्या वर्षी या फळीखाली बाराच उरल्या होत्या. पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं. मला म्हणाली, आई, खालची अळकुडी दे ना. तिला ठाऊक होतं कुठे आहेत, तिनंच मला पेंढा आणून दिला होता गुंडाळायला. मी माझ्या सासूबाईंना म्हटलं, एक द्या. एकच, उकडून भरवते. त्या इथे बसल्या होत्या, फळीवर. दिवसा बसायच्या, रात्री अंथरूण पण तिथेच घालायच्या. म्हणाल्या, पोरी आणखी होतील, बेणं होणार नाही."

निशिवाकींनी कपाळ उचललं होतं, ते त्यांनी पुन्हा खाली नेलं.

"आणि मी ऐकलं. चोवीस वर्षांची होते मी. ती म्हातारी केवढी, चिमणीएवढी. उचलून बाजूला ठेवायला काय लागत होतं? नाही ठेवलं. देवाचं बेणं, मोठ्या माणसांचा शब्द. तिसऱ्या दिवशी पोर गेली. मग पंधरा दिवसांनी आम्ही त्या बारा लावल्या. सगळ्या उगवल्या. एक म्हणून फुकट गेली नाही."

त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही दरवर्षी वाकून नमस्कार करता या घराला, बेणं राखलं म्हणून. मी किटली भरायला जाते. तेत्सु, जे मी माझ्या पोटच्या पोरीला दिलं नाही, ते तुझ्या दिव्यांना देऊ? हे दार, ही वाट. तुमचं छप्पर तुम्ही शिजवलंत, आता तेच डोक्यावर घ्या."

निशिवाकी काहीतरी पुटपुटले, गावाची लाज वगैरे. हाचिरोदादांनी त्यांच्या कॉलरला धरून त्यांना उठवलं. "चल रे," म्हणाले, "ऐकू मला कमी येतं की तुला?"

पालखी तशीच उठली. सोळा खांदे, त्यांत माझा नवरा डाव्या बाजूला, लवलेल्या छपराच्या बरोबर खाली. गाव दोन्ही बाजूंना उभं होतं आणि ढोल वाजत होते. आदल्या दिवसाचे फोटोवाले दोन चारच उरले होते, त्यांनी उत्तरेची, चांगली बाजू धरली होती. मला वाटत होतं सासूबाई दार लावून घेतील. माझी तर तीच इच्छा होती. लावून घ्यावं आणि पालखीला दारात ताटकळत ठेवावं.

त्या बाहेर आल्या. बाह्या वर केलेल्या, काळे हात उघडे, एका हातात बादली आणि एकात पळी. पालखी थांबली. खांदेकऱ्यांनी माना खाली घातल्या होत्या. सासूबाई उत्तरेला गेल्याच नाहीत. जिथे देठ शिजले होते तिथेच उभ्या राहून त्यांनी पाणी शिंपडलं, सावकाश, एकेका देठावर, जणू ते ताजेच आहेत. पाणी गळून माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर पडत होतं. तो रडत होता की नुसता भिजला होता, ते मी बघायला गेले नाही. त्याचे गुडघे वाकले होते.

"सरळ उभा राहा," त्या त्याला म्हणाल्या. "छप्पर वाकलंय तेवढं पुरे."

तो सरळ झाला आणि पालखी पुढे गेली. त्या दिवसापासून गावात ते बोलणं सुरू झालं, की फुसाएकडे बारा रोपं होती आणि तिनं दिली नाहीत, देवाला शिळ्या छपराखाली घरी जावं लागलं. बेण्यापायी काय गेलं ते त्या तिघांनी कुणाला सांगितलं नाही. हाचिरोदादांनी सांगितलं नाही ते सासूबाईंचा मान राखायला, बाकीच्या दोघांनी लाजेपायी. म्हणून मी सांगतेय. पुढच्या वर्षी मांडवात कागदी कंदील लागले. गावाला अक्कल आली म्हणून नव्हे, रस्त्याच्या ठेकेदाराचे ते दिवे दुसरीकडे गुंतले होते.

त्या दिवशी पालखी देवळात पोचल्याचा ढोल ऐकू आला तेव्हा ऊन नुकतंच कललं होतं. सासूबाईंनी खुरपं उचललं आणि वाफ्याकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. त्या वरच्या टोकाला गेल्या, बारांतल्या पहिल्या रोपापाशी बसल्या आणि खणायला लागल्या. "आई, अहो," मी म्हटलं, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. हाताला आली ती अळकुडी कोंबडीच्या अंड्याएवढीसुद्धा नव्हती. नदीच्या डबक्यात धुतली, घरी आणली, मिठाच्या पाण्यात उकडली आणि सोलली. कपाटातून एक लहान वाटी काढली, ती मी वीस वर्षांत कधी पाहिली नव्हती, कडेला ससा काढलेला. अळकुडी तिच्यात ठेवून त्यांनी ती देव्हाऱ्यात सायोच्या नावाच्या पाटीपुढे सरकवली. वाफ येत होती.

मी त्यांच्या मागे बसले. त्यांनी वाटी फिरवून ससा पाटीकडे केला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मित्सुयो, अकरा राहिली. पुढच्या सालाला अकरांवर भागेल?"

"भागेल की, आई. आरामात भागेल."

त्यांनी मान हलवली.

"तेव्हाही भागलं असतं," त्या म्हणाल्या.